माणसांसाठी नाही

नळीतलं पाणी गुलाबी झालं होतं. फार नाही, नखाखालच्या मांसाइतकं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण फादेकेने नळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी धरून पाहिली. बाहेर वाळवंटाकडून धूळ आणणारा हरमाटानचा वारा सुटला होता. इबादानची गंजलेली पत्र्याची छपरं धुळीत अर्धी बुडाली होती आणि सूर्य जुन्या ताटलीसारखा निस्तेज होता. तसल्या मळकट उजेडातही तो रंग लपत नव्हता. आयसोप्रेनालिन थोडं दिलं तर मंद हृदय पळायला लागतं, फार दिलं तर फाटतं; पण त्याला स्वतःला उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, ऊब सोसत नाही. काळ्या बाटलीत, चंदेरी कागदात गुंडाळून गारठ्यात ठेवलं तर ते पांढरंशुभ्र राहतं. पाण्यात विरघळवलं की त्याचं आयुष्य उतरणीला लागतं. तेव्हाच्या तेव्हा बनवायचं, किंचित व्हिटॅमिन सी घालायचं, झाकायचं आणि वापरून टाकायचं. गुलाबी झालं की ते मेलं. मेलेलं औषध उंदराला टोचलं तर उंदराच्या हृदयाला काही होत नाही, मग आपण तपासतोय त्या कडू पाल्याच्या अर्काने हृदय वाचलं असं म्हणायला आपण मोकळे.

"हे कधी बनवलंस?" तिने विचारलं.

तोलानी पिंजऱ्यांपाशी उभी होती, हातात मोजे अर्धे चढवलेले. डॉक्टरेट करणारी मुलगी, हुशार, जरा धांदरट, सतत हसू तोंडावर असलेली. "काल संध्याकाळी, मॅडम. म्हटलं, सकाळी वेळ वाचेल. कपाटातच ठेवलं होतं. कागद गुंडाळायचा तेवढा राहिला."

"राहिला."

"सॉरी मॅडम. आता लगेच नवं बनवते."

"कशाला? छान रंग आलाय की," फादेके म्हणाली. "बायकांना गुलाबी फार आवडतो. ओठांना लाव."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले दोघे विद्यार्थी फस्सकन हसले. तोलानीच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. काय करावं न कळून ते तिथेच लटकत राहिलं आणि मग हळूहळू त्याचा आकार बदलला. फादेके ते पाहत होती. थांबावं, असं तिला वाटलं नाही. तिने नळी पुढे केली. "लाव ना. सगळ्यांना बघू दे." तोलानीने नळी घेतली, बेसिनमध्ये ओतली आणि पाठ वळवून नळ सोडला. तिचे खांदे हलत होते. मग फादेकेला उमगलं की ते वाक्य तिचं नव्हतं. शब्द, त्यांच्यामधला तो छोटा विराम, 'लाव ना' मधला मऊ सूर, सगळं दुसऱ्याचं होतं, आणि ते इतकं सहज तोंडातून आलं होतं की जणू ते शब्द बरीच वर्षं तिच्या घशात मुक्कामाला होते.

ते प्रोफेसर ओशिनोवोंचं वाक्य होतं. याच खोलीत, याच खिडकीशी. तेव्हा भिंती हिरव्या होत्या आणि फादेके आगोरो ही इजेबूकडच्या शाळामास्तरणीची मुलगी नुकतीच त्यांच्या हाताखाली आली होती. सर तिला नावाने कधी हाक मारत नसत. "ए शेळे," म्हणत. लागोसहून पाहुणे आले असतील, वर्ग भरला असेल, तरी शेळेच. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बाटली हातात घेऊन स्टुलावर उभं केलं होतं आणि लेबल मोठ्यांदा वाचायला लावलं होतं. फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही. "पुन्हा," सर म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. "पुन्हा." वर्ग हसायला लागला, मग हसून दमला, मग गप्प झाला, आणि ती वाचतच राहिली. पुढे तिच्या हातून पाणी गुलाबी झालं तेव्हा त्यांनी ती नळी तिच्या ओठांशी धरली होती. ती रडली नव्हती. निदान खोलीत तरी नाही. संडासात जाऊन पाण्याची बादली भरत ठेवली आणि त्या आवाजाखाली रडून घेतलं. आता तोलानीही नळाच्या आवाजाखाली रडत होती. म्हणजे बायका हेही एकमेकींकडून न शिकता शिकतात, असं काहीतरी फादेकेच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं.

सर क्रूर होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते चुकत नसत. तिच्या प्रबंधाचं प्रत्येक पान त्यांनी स्वतः वाचलं, प्रत्येक वाक्याखाली रेघ मारली, आणि ती रेघ नेमकी जिथे हवी तिथे असायची. पैसे बंद झाले तेव्हा कुठून कुठून ओळखी काढून औषधाची बाटली बर्फात घालून मागवली ती त्यांनीच. मग शोध तिचा, आणि निबंधावर पहिलं नाव त्यांचं. तेही ठीक, असं ती स्वतःला सांगत आली होती. एकच गोष्ट अशी होती की तिला ती कुठल्याच खणात नीट ठेवता आली नव्हती. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती उंदरांना टोचत होती. मोजे काढून सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, सर, माझी आई वारली, मला घरी जायचंय. सरांनी मान वर केली नाही. "आणि उंदीर? ते थांबतील?" उंदीर थांबणार नव्हते. औषधाने त्यांची हृदयं फाटायला लागली होती आणि ठरल्या वेळी ती बाहेर काढायलाच हवी होती, नाहीतर कित्येक महिन्यांचं काम पाण्यात. ती म्हणू शकली असती, तुमचे उंदीर गेले खड्ड्यात. ती म्हणाली, "नाही सर." आणि परत येऊन एकेक उंदीर हातात घेऊन त्याची मान मोडली. ती गावी पोचली तेव्हा आईला न्हाऊ घालून, कापडात गुंडाळून, मातीत ठेवून झालं होतं. मावशी म्हणाली, "आलीस? तुला वेळ मिळाला का?" तिला सरांचा जितका राग आला त्याहून जास्त त्या 'नाही सर' चा आला. पण स्वतःवर राग धरून किती दिवस जगणार माणूस. तो तिने सावकाश, थेंबाथेंबाने, सरांच्या खात्यावर वळवला.

दुपारी जनरेटर धडधडत असताना दार ढकलून सरांची बायको आत आली. आबेनीआई. सगळे विद्यार्थी त्यांना आईच म्हणत, कारण सरांच्या शिव्या खाऊन झाल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात चवळीचं वाफवलेलं मोईनमोईन खायला मिळायचं. आज त्यांच्या डोक्याला कापड नव्हतं. पांढरे, विरळ केस उघडे पाहून फादेकेला आधी संकोच वाटला, भीती नंतर. ती गुडघे टेकून नमस्कार करायला वाकली, पण म्हातारीने तिचा दंडच धरला.

"फादेके, ते पडले. काल अंघोळ करताना. हृदय नीट चालत नाहीये, वरचा निरोप खाली पोचत नाही म्हणतात. मध्येच थांबतं, मग डोळे फिरवतात, मग पुन्हा सुरू होतं."

"आता कुठे आहेत?"

"इस्पितळात. डॉक्टर लासिसीच्या वॉर्डात. यंत्र बसवायला हवं छातीत, ते लागोसहून निघालंय. तोवर धरून ठेवणारं औषध त्यांच्याकडे नाही. दुसरं देतायत, त्याने हृदय उलटसुलट उड्या मारतंय. पोरं सगळ्या दुकानांतून फिरून आली. नाही म्हणे, अख्ख्या गावात नाही." त्यांनी श्वास घेतला. "लासिसी त्या औषधाचं नाव सिस्टरला सांगत होता, ते मी ऐकलं. मी कोण, अडाणी बाई, पण ते नाव मला कळलं. आमच्या घरात मुलांच्या नावांपेक्षा ते जास्त घेतलं गेलंय. तुझ्या फ्रीजमध्ये असतं ते."

फादेकेला आधी काहीच वाटलं नाही. मग तिला तिचं स्वतःचं हृदय ऐकू यायला लागलं. खूप वर्षांपूर्वी एकदा बाटली उघडताना तोंडावरची पट्टी सैल होती आणि थोडी पूड नाकात गेली होती, तेव्हा असंच झालं होतं. छाती धाडधाड वाजायला लागली, हात थरथरले, तळव्यांना घाम सुटला. भीतीची सगळी लक्षणं, पण भीती कशाची ते नाही. तेव्हा ती खोलीत इकडेतिकडे पाहत राहिली होती, घाबरण्याजोगं काहीतरी सापडावं म्हणून. शरीर आधी ठरवतं आणि माणूस मागून कारण शोधत फिरतो. आताही छाती तशीच वाजत होती, आणि ही भीती नव्हती, दुःख नव्हतं. काय आहे हे ओळखायला तिला क्षणभर लागला. तिला आनंद झाला होता.

"आई," ती म्हणाली, "ते उंदरांचं औषध आहे."

"औषध तेच ना?"

"तेच. पण ते माणसांसाठी बनवलेलं नाही. त्यात जंतू आहेत की नाही कुणी तपासलेलं नाही. काय मिसळलंय कुणाला ठाऊक नाही. ते शिरेत गेलं आणि रक्त सडलं तर?"

"ते तसेही मरतायत."

"माझ्या हातून नको, आई."

हे सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. कुठल्याही परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते, आणि सरांनीही दिले असते. म्हणूनच तर ते बोलताना तोंडाला इतकी चव येत होती. म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाच्या कडेला हात टेकत, एक गुडघा, मग दुसरा, असं करत ती खाली बसली. धाकट्याने थोरापुढे गुडघे टेकायचे असतात. थोरली बाई धाकटीपुढे टेकते तेव्हा बघणाऱ्याला आपलेच डोळे विटाळल्यासारखे वाटतात. ते दोघे विद्यार्थी उठून उभे राहिले. तोलानी पुढे धावली आणि "आई, नको, नको, उठा," म्हणत त्यांना काखेत हात घालून उचलायला लागली. त्यांना उचलायला हवं ते फादेकेने. ती जागची हलली नाही. फार वेळ नाही, एखादा श्वास आत घेऊन बाहेर सोडावा एवढाच. पण तो श्वास तिने घेतला, पुरता घेतला, आणि मग वाकली.

"मॅडम, नवी बाटली आहे ना," तोलानी हळूच म्हणाली. तिचे डोळे सकाळचे अजून लाल होते. "सील न तोडलेली. बारीक गाळणीतून गाळून घेतलं तर जंतू राहणार नाहीत. डॉक्टरांना विचारून बघूया ना. तेच ठरवतील."

"तुला कागद गुंडाळता येत नाही," फादेके म्हणाली, "आणि तू माणसांना औषध देणार?"

आबेनीआई गेल्या. जाताना दाराशी थांबून त्यांनी कपाटांकडे, पिंजऱ्यांकडे, भिंतींकडे पाहिलं, आयुष्यभर नवऱ्याला कुठे हरवून बसलो ते ठिकाण पहिल्यांदाच बघावं तसं. मग जनरेटर बंद पडला आणि शांततेत उंदरांची खसखस ऐकू यायला लागली. फादेके फ्रीजपाशी गेली. नवी बाटली आतल्या अंगाला होती, काळी, लहान, लसणाच्या गड्ड्याएवढी. ती गार असताना लगेच उघडायची नसते. बाहेरची हवा आत शिरून भुकटीवर दव धरतं आणि तिथून बिघाड सुरू होतो. बाहेर काढून, हवेच्या उबेला येऊ देऊन मगच उघडायची. पण आज तिला ती उघडायची नव्हतीच. तिने बर्फाचा खोका घेतला, त्यात बाटली ठेवली, खोका पिशवीत घातला आणि बाहेर येऊन टॅक्सीला हात केला. कशासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही. वाटेत मोकोलाच्या गर्दीत टॅक्सी अडकली. ड्रायव्हर रस्त्याला, सरकारला, पुढच्या मोटारसायकलवाल्याच्या आईला शिव्या घालत होता आणि ती मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. कापडातून गारवा मांडीला लागत होता. एकदा तिला वाटलं, आपण देणार आहोत. वाटून बरंही वाटलं. आपण चांगले आहोत, म्हणून तर निघालो. सर शुद्धीवर येतील, आणि त्यांना कळेल की शेळीने वाचवलं. मग तिच्या डोळ्यांपुढे सरांचा चेहरा आला, वाचलेला, लालसर, आणि तो चेहरा म्हणत होता, "किती मात्रा दिलीस? गणित कुणी तपासलं?" आणि तिचा हात पिशवीवर आवळला गेला.

डॉक्टर लासिसी व्हरांड्यात उभे होते, चष्मा कपाळावर, हातात न प्यायलेला चहा. एकेकाळी तेही सरांच्या वर्गात बसलेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"फादेके, मी तुला काही मागू शकत नाही," ते म्हणाले. "मागितलं तर उद्या माझा परवाना जाईल. पण मला माहीत आहे ते मी विसरूही शकत नाही."

"यंत्र कुठवर आलं?"

"द्रुतगती रस्त्यावर टँकर उलटलाय. गाड्या आहेत तिथे उभ्या आहेत. यंत्र आणणाऱ्या पोराने फोन केला होता, तो यंत्र डोक्यावर घेऊन चालत निघालाय म्हणे." ते कोरडं हसले. "बाहेरून छातीला झटके देऊन चालवणारं यंत्र आमच्याकडे आहे. त्याचा एक भाग मागच्या पावसाळ्यापासून यायचाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, तू काही आत दाराजवळच्या टेबलावर विसरून गेलीस, तर मी ते पाहिलेलं नसेल. पुढचं पाप माझं."

इतकं सोपं होतं. विसरायचं. ती आयुष्यभर किती गोष्टी विसरली नव्हती. "मी काही विसरत नाही, डॉक्टर," ती म्हणाली आणि आत गेली.

सर भिंतीकडच्या खाटेवर होते. ते लहान झाले होते. एवढा मोठा आवाज राहायचा तरी कुठे या देहात, असं वाटावं इतके. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ जांभळट. यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ धावत होती, उंच होत होती, आणि मग बराच वेळ सपाट. त्या सपाट रेघेवर फादेकेची नजर खिळायची, आणि पुढची उंची आली की तिला सुटल्यासारखं वाटायचं, की हिरमुसल्यासारखं, ते तिला ठरवता येईना. उंदरांच्या बाबतीत ती रेघ तिने कितीदा पाहिली होती. तिथे बोट ठेवून ती विद्यार्थ्यांना सांगायची, हे बघा, इथून आता तो परत येणार नाही. पायथ्याशी आबेनीआई बसल्या होत्या, नवऱ्याचे पाय लुगड्यात घेऊन चोळत. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण?" सर म्हणाले.

"मी आहे, सर. फादेके."

"कोण फादेके?" मग डोळे उघडले. ते डोळे मात्र लहान झाले नव्हते. "ओ. शेळी." त्यांनी दम घेतला. "आणलंस?"

पिशवी तिच्या खांद्याला होती, बर्फ वितळून तळाशी कापड ओलं झालं होतं आणि एक थेंब फरशीवर पडला. सरांची नजर त्या थेंबावर गेली. ज्याने हयातभर बर्फातल्या बाटल्या वाहिल्या त्याला आणखी काय सांगायला हवं.

"आणलंस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एक गोष्ट होती जी तिने यापूर्वी कधी ऐकली नव्हती. ती विनंती होती का? तिला ती विनंती वाटली. तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती की दुसरं काही असतं तरी तिला ती विनंतीच वाटली असती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी काय वाचायला लावलं होतं?"

रेघ सपाट झाली. आबेनीआईंचे हात थांबले. रेघ पुन्हा वर आली.

"वाच," सर म्हणाले.

"फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही."

"पुन्हा."

"फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही."

तिचा आवाज स्वच्छ होता, स्टुलावरच्या मुलीसारखा कापत नव्हता. सर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या जांभळ्या ओठांची एक कड वर गेली.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी माणूस आहे असं तुझं मत आहे." आणि त्यांनी डोळे मिटले.

ती तिथे उभी होती, पिशवी ठिबकत होती, आणि इतक्या वर्षांनी जिंकलेली जागा तिच्या पायाखालून कुणीतरी चटईसारखी अलगद ओढून घेतली होती. अजूनही वेळ होता. टेबल तिथेच होतं, दारापाशी, त्यावर कापसाचा डबा आणि कुणाचं तरी संत्रं. पिशवी उतरवून ठेवायची आणि निघायचं. तिने ते टेबल पाहिलं. संत्रं अर्धं सोललेलं होतं. मग तिला जाणवलं की आपण आता ठेवली तर ती सरांच्या त्या वाक्यामुळे ठेवल्यासारखी होईल, म्हणजे पुन्हा त्यांच्याच सांगण्यावरून. एवढ्यासाठी, खरोखर एवढ्यासाठी, ती टेबलापाशी न थांबता बाहेर पडली. व्हरांड्यात लासिसींनी दारातून टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि थंड झालेला चहा कुंडीत ओतला.

सर उन्हं उतरायच्या आत गेले. यंत्र घेऊन निघालेला माणूस धुळीने पांढरा होऊन पोचला तेव्हा खाटेवरची चादर बदलून झाली होती. फादेकेला हे प्रयोगशाळेतच कळलं. तोलानीला कुणीतरी फोन केला होता. तोलानीने ते सांगितलं, मग आपला पांढरा कोट काढून घडी घातली, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी दुसरा गाइड शोधतेय."

"का?"

"मला इथे हेही शिकायला मिळतंय," तोलानी म्हणाली, "म्हणून." ती नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्याने म्हणाली नाही. फादेकेने तिला अडवलं नाही. बाटली परत फ्रीजमध्ये, आतल्या अंगाला, ठेवून दिली. तो दिवस तसा संपला.

विभागात सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे तिच्या बाजूचे होते. विभागप्रमुखांनी बोलावून पाठ थोपटली. दिलं असतंस आणि काही झालं असतं तर विद्यापीठाचं नाव गेलं असतं, तू भावनेच्या भरात वाहून गेली नाहीस, सरांची खरी विद्यार्थिनी, असं म्हणाले. शोकसभेत बोलायलाही तिलाच सांगितलं. ती छान बोलली. सरांची शिस्त, सरांची नजर, सरांनी न सोडलेली एकही चूक. लोकांनी डोळे पुसले. बोलताना तिला जाणवत होतं की सभागृहात कुठेतरी लासिसी बसले आहेत. त्यांनी डोळे पुसले की नाही ते तिला पाहायचं नव्हतं, आणि तिने पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत होते.

दफनविधीला रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवले होते. फादेकेनेही शिवले. ढोल वाजले, नातवंडं नाचली, म्हातारा माणूस नातवंडं पाहून गेला म्हणजे रडायचं कारण नाही असं म्हणत लोकांनी ताटं रिकामी केली. त्या गर्दीत आबेनीआई तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढे कित्येक दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, त्यांचाच निरोप आला, ये. ती गेली. जाताना तिने मनाशी वाक्यं रचली होती. नियम असा आहे, आई. तुमच्या जागी मी असते तर. सरांनीच शिकवलं होतं. घर शांत होतं. सरांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, तशीच रीत असेल किंवा कुणी झाडताना फिरवली असेल. ती गुडघे टेकून बसायला लागली तेव्हा म्हातारी म्हणाली, "राहू दे. माझं टेकून झालंय, तेवढं पुरे आपल्या दोघींना."

स्वयंपाकघरातून पीठ घाटल्याचा वास येत होता.

"मी तुला बोल लावायला बोलावलं नाही," आबेनीआई म्हणाल्या. "लासिसी म्हणाला, दिलं असतं तरी खात्री नव्हती. ते देवाच्या हातात होतं. तू बरोबर होतीस, सगळे म्हणतात. एकच विचारायचंय. तू तिथे उभी राहून ते वाचलंस ना, तेव्हा तुला बरं वाटलं?"

फादेकेने तोंड उघडलं. रचलेल्या वाक्यांपैकी एकही या प्रश्नाला लागू नव्हतं.

"सांगू नकोस," म्हातारी म्हणाली. "मी तुझं तोंड पाहिलं. ओळखीचं होतं ते. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर जेवायला बसायचं. मला वाटायचं, हे एकट्याचंच आहे, ते गेले की घरातून जाईल." त्या रागावलेल्या नव्हत्या, आवाजात तिखट काही नव्हतं. कुणी गावाकडची बातमी सांगावी तसं त्या सांगत होत्या. "कुणाला तरी पुरतं चिरडून आले की मला लगेच कळायचं. बोलायचे नाहीत. पण दारातूनच विचारायचे, काय केलंस जेवायला? अशा दिवशी त्यांना फार भूक लागायची."

त्या उठल्या, गुडघ्यांना हात लावत आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. कंदाच्या पिठाचा घाटलेला काळसर, वाफाळता आमाला, त्यावर हिरव्या पाल्याची बुळबुळीत भाजी आणि तांबड्या रश्शात मटणाचे तुकडे. हात धुवायला पाण्याचं भांडं समोर ठेवलं. ताट तिच्याकडे सरकवून त्या समोर बसल्या, आणि सवयीने असावं, पदराने माशी वारायला लागल्या.

"खा," त्या म्हणाल्या.

फादेकेला म्हणायचं होतं, नको आई, घशाखाली उतरणार नाही. असं वाटत होतं की खरंच उतरणार नाही. तिने हात धुतले, पहिला घास मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. त्या घटनेनंतरच्या सगळ्या दिवसांत ती नीट जेवली होती, नीट झोपली होती, हे तिला तेव्हा आठवलं. दुसरा घास तिने मोठा घेतला. म्हातारी पाहत होती. मटण मऊ शिजलं होतं, मीठमसाला अगदी हवा तसा होता, आणि तिला भूक लागली होती.